ठशावर नाव कुणाचं?

संशोधनाच्या तयारीत आपण पद्धती, नमुना निवड, सिनॉप्सिस हे सगळं वाचतो. पण एखाद्या कामात कुणाकुणाचे हात लागलेत, हे क्वचितच बघतो. त्यासाठी आज एक जुना ठसा घेऊ.

1630चं दशक, अँटवर्प शहर. पीटर पॉल रुबेन्स या बरोक काळातल्या मोठ्या चित्रकाराच्या रेखाटनावरून क्रिस्टोफेल येघरने लाकडात एक प्रसंग कोरला. हेरोद राजाच्या भीतीने इजिप्तकडे निघालेलं कुटुंब वाटेत विसावलंय, झाडांखाली मरिया बाळाला घेऊन बसलीय.

हा ठसा छायाप्रकाश पद्धतीचा आहे. एका लाकडी ठोकळ्यावर फक्त रेषा, त्याला काळी शाई. दुसऱ्यावर मधली छटा. दोन्ही एकाच कागदावर बरोबर जुळवून दाबायचे. जिथे उजेड हवा, तिथलं लाकूड छटेच्या ठोकळ्यावरून कोरून काढायचं, म्हणजे तिथे कागद कोरा राहतो. शाई दोनच, पण डोळ्याला पातळ्या तीन दिसतात. थोडक्यात, चित्रातला उजेड छापलेला नसतोच, तो कोरणाऱ्याने राखलेला असतो. जास्त कोरलं गेलं, तर भरून काढणं अवघड.

रुबेन्स प्रूफ तपासून त्यावर दुरुस्त्या करायचा. त्याचा हात फिरलेली येघरच्या ठशांची काही प्रूफं आजही शिल्लक आहेत. आपले गाईड प्रकरणं लाल करून परत देतात, तसंच! पण ठशावर नावं दोन आहेत: रेखाटणारा आणि छापवून घेणारा रुबेन्स, कोरणारा येघर. कुणी काय केलं, तेही लॅटिनमध्ये थोडक्यात नोंदलंय.

आता आपल्याकडे या. राजा रविवर्मांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली देवादिकांची चित्रं घरोघरी पोचली. त्यांतही छायाप्रकाश होताच. फक्त लाकडाऐवजी दगड, आणि प्रत्येक रंगाला वेगळा. चित्रावर रविवर्मांचं नाव दिसतं. दगडावर चित्र उतरवणाऱ्या कारागिराचं सहसा दिसत नाही. म्हणून आज त्याच्याबद्दल लिहायचं म्हटलं, तर सुरुवात कुठून करायची हाच प्रश्न पडतो.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात काम करणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. सालीवरून ऐन आणि धावडा वेगळा सांगणारा, वनस्पतीचं माडिया नाव देणारा माणूस आपल्या प्रबंधात बहुतेक वेळा 'स्थानिक माहितगार' एवढाच उरतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात गावकरी आणि बाहेरचे अभ्यासक अभ्यासगटात एकत्र बसत आले आहेत. म्हणजे दुसरी रीत अशक्य नाही.

तेव्हा फील्ड डायरीत पहिल्या दिवसापासून लिहा: कुणी, कुठे, काय सांगितलं. परवानगी असेल तर नावासकट. आणि ती नोंद फक्त ऋणनिर्देशात नको, पद्धतीच्या प्रकरणात घ्या. येघरचं नाव ठशावरच कोरलेलं होतं, म्हणून तर चारशे वर्षांनी आपण ते घेऊ शकतो.