न्यायमूर्ती चंद्रू : देवमाणूस नव्हे, संविधानाचा कामगार

गेल्या भीमजयंतीच्या आठवड्यात आम्ही वस्तीतल्या बुद्ध विहारात पडदा लावून 'जय भीम' हा तमिळ चित्रपट हिंदीत दाखवला. चित्रपट संपला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. बायाबापड्या डोळे पुसत उठल्या. दहावीतला एक मुलगा मात्र तिथेच बसून राहिला. त्याने विचारले, "दादा, असा वकील आपल्याला कुठे मिळतो?" आमच्यातला एक कार्यकर्ता म्हणाला, "सिनेमात." सगळे हसले. मुलगा हसला नाही.

तो का हसला नाही, हे आम्हाला माहीत होते. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या काकाला मोटारसायकल चोरीच्या संशयावरून रात्री घरातून उचलून नेले होते. त्याची काकू ठाण्याबाहेर बसून होती आणि आतून एकच उत्तर येत होते, "तो इथे नाहीच." आम्ही चार शिकलेली माणसे तिच्यासोबत उभी होतो. आमच्या खिशात पदव्या होत्या, पण एकाही वकिलाचा नंबर नव्हता. काका तिसऱ्या दिवशी सुजलेले पाय घेऊन घरी आला. तक्रार करू म्हटले तर काकू हात जोडून म्हणाली, "नको भाऊ, परत नेतील."

म्हणून हा लेख. तो वकील सिनेमातला नव्हता. त्यांचे नाव के. चंद्रू. पुढे ते मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. पण आम्ही त्यांच्याविषयी लिहितो आहोत ते त्यांच्या फोटोला हार घालण्यासाठी नव्हे. एक न्यायमूर्ती असा घडतो कसा आणि तसा घडण्यापासून बाकीच्यांना काय अडवते, हे तपासायला हवे.

आधी सिनेमा आणि वास्तव वेगळे करू. चित्रपट २ नोव्हेंबर २०२१ रोजी आला. त्यात १९९५ साल आहे, नायिका सेंगेणी आहे आणि इरुळर समाज आहे. प्रत्यक्ष घटना मार्च १९९३ ची, तमिळनाडूच्या कडलूर भागातल्या मुदनै गावची. राजाकण्णू या शेतमजुराला चोरीच्या संशयावरून पोलिसांनी नेले आणि कोठडीत मारहाण केली. पुढे सांगितले की तो पळून गेला. त्याच्या पत्नीचे खरे नाव पार्वती. हे कुटुंब इरुळर नव्हते. पण भटक्या आणि आदिवासी समाजांच्या कपाळावर चोरीचा शिक्का मारण्याची रीत सगळीकडे सारखीच. आपल्याकडच्या पारधी वस्तीत जाऊन विचारा. इंग्रजांचा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला, पण पोलीस ठाण्यातल्या नजरेतून तो अजून रद्द झालेला नाही.

पार्वती चंद्रूंकडे आल्या. चंद्रूंनी मद्रास उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. हेबियस कॉर्पस म्हणजे 'तुम्ही नेलेला माणूस कोर्टापुढे हजर करा' असे शासनाला बजावणारा अर्ज. माणूस हजर करता आला नाही, कारण तो मेला होता. पळून गेल्याची गोष्ट खोटी ठरली. दोषी पोलिसांना जन्मठेप होईपर्यंत २००६ साल उजाडले. तेरा वर्षे लागली. मानवी हक्कांच्या अशा खटल्यांसाठी चंद्रू फी घेत नसत.

इथे एक गोष्ट आपल्या लोकांनी लक्षात ठेवावी. अटक केलेल्या माणसाला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करा, त्याला अटकेचे कारण सांगा आणि वकिलाशी बोलू द्या, हे सांगणारे आज संविधानाचे कलम २२ आहे. सप्टेंबर १९४९ मध्ये ही तरतूद मसुद्यात कलम १५-अ म्हणून मांडली ती बाबासाहेबांनीच. आधीच्या कलमातून नागरिकाचे संरक्षण पातळ झाले होते आणि त्याची थोडी तरी भरपाई व्हावी, हा त्यामागचा हेतू होता. राजाकण्णूच्या बाबतीत ठाण्यात नेमके हेच कलम पायाखाली तुडवले गेले. आमच्या वस्तीतल्या काकाच्या बाबतीतही तेच झाले.

आता चंद्रू कोण, ते पाहू. जन्म १९५१, तिरुचिरापल्लीजवळचे श्रीरंगम. चेन्नईत शिकताना ते डाव्या विद्यार्थी चळवळीत आले. १९७१ मध्ये अण्णामलै विद्यापीठात तेव्हाचे मुख्यमंत्री करुणानिधी यांना मानद डॉक्टरेट देण्याला विद्यार्थ्यांनी विरोध केला. लाठीमार झाला आणि उदयकुमार नावाचा विद्यार्थी मृत्युमुखी पडला. चौकशी आयोग बसला. त्या आयोगापुढे विद्यार्थ्यांची बाजू मांडायला चंद्रू उभे राहिले. त्यांचे काम पाहून आयोगाच्या न्यायमूर्तींनीच त्यांना वकिलीचा सल्ला दिला. म्हणजे हा माणूस कायद्याकडे आला तो करिअर म्हणून नव्हे. एका मेलेल्या विद्यार्थ्याचा जाब विचारता विचारता तो कायद्यापर्यंत पोहोचला.

पुढे कामगारांचे खटले चालवणाऱ्या 'रो अँड रेड्डी' या कचेरीत ते शिकले. मार्क्सवादी पक्षात होते, पण श्रीलंकेतल्या तमिळांच्या प्रश्नावर पक्षाशी बिनसले आणि ते पक्षाबाहेर पडले. आमचे काही मित्र म्हणतात, "ते तर कम्युनिस्ट, आपल्याला त्यांचे काय?" आमचे उत्तर असे की माणूस कोणत्या दारातून आला यापेक्षा आत येऊन त्याने काय वाचले ते बघा. चंद्रूंनी बाबासाहेबांचे लेखन नुसते शेल्फवर ठेवले नाही. आपल्या निकालांवर त्यांनी तमिळमध्ये पुस्तक लिहिले, त्याच्या नावाचा अर्थच 'आंबेडकरांच्या प्रकाशात माझे निकाल' असा आहे. बाबासाहेबांच्या नावाने भाषणे करणारे न्यायाधीश पुष्कळ असतील. बाबासाहेब वाचल्यामुळे माझे निकाल असे झाले, असे पुस्तक लिहून सांगणारे किती?

३१ जुलै २००६ रोजी ते मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि ८ मार्च २०१३ रोजी निवृत्त झाले. या साडेसहा वर्षांत त्यांनी सुमारे ९६,००० प्रकरणे निकाली काढली. सरासरी काढली तर दिवसाला ७५ च्या आसपास. एकाच प्रकारच्या कायदेशीर मुद्द्याची प्रकरणे ते एकत्र लावत आणि एका मुद्द्याचा निर्णय झाला की पाठोपाठ सगळी सुटत. यात चमत्कार काही नाही. रेशन दुकानासमोर रांग लावणाऱ्या माणसाच्या वेळेची किंमत आहे, एवढे मानले की ते सुचते.

त्यांनी आणखी काय केले? 'माय लॉर्ड' म्हणू नका, असे वकिलांना सांगितले. न्यायमूर्तींच्या पुढे चांदीचा दंड घेऊन चालणारा चोपदार नाकारला. गाडीवरचा लाल दिवा काढला, सुरक्षारक्षक परत केला. दालनाबाहेर सूचना लावली, तिचा आशय असा : इथे देव नाहीत तेव्हा फुले नकोत, कोणी उपाशी नाही तेव्हा फळे नकोत, कोणी कुडकुडत नाही तेव्हा शाली नकोत. आपल्या महाराष्ट्रात शाल-श्रीफळाशिवाय एक कार्यक्रम होत नाही, आपल्या चळवळीतलेही नाहीत. म्हणून ही सूचना आम्हाला फार झोंबली आणि आवडलीही.

कोणी म्हणेल, हा साधेपणाचा देखावा. आम्हाला तसे वाटत नाही. चोपदार, लॉर्ड, दंड हे सारे आलेल्या माणसाला सांगत असते की तू खाली आहेस. जातिव्यवस्था हजारो वर्षे हेच सांगत आली. ज्याच्या बापजाद्यांना पाटलाच्या वाड्यासमोर पायताण हातात घ्यावे लागले, तो कोर्टाच्या दारात अर्धा तिथेच हरतो. म्हणून हा प्रश्न वैयक्तिक साधेपणाचा राहत नाही, तो समतेचा होतो.

आता निकालांकडे येऊ, कारण न्यायाधीशाचे खरे चरित्र निकालांत असते.

२००८ मध्ये मदुरै जिल्ह्यातल्या एका ग्रामदेवीच्या मंदिराचा वाद त्यांच्यापुढे आला. वडिलांच्या जागी मुलगी पूजा करत होती आणि गावातले पुरुष म्हणत होते, बाई पुजारी चालणार नाही. चंद्रूंनी बाईचा हक्क मान्य केला. आम्ही बौद्ध आहोत, आम्हाला पूजाविधीशी कर्तव्य नाही. पण देवी बाईची आणि गाभारा पुरुषाचा, ही विसंगती त्यांनी समतेच्या तराजूत तोलली, हे महत्त्वाचे.

दुसरा निकाल स्मशानाचा. जात कोणतीही असो, दफनभूमी सर्वांना सामाईक असावी, असे त्यांनी म्हटले. महाराष्ट्रात किती गावांत आजही आपले प्रेत वेगळ्या वाटेने न्यावे लागते, पावसाळ्यात ताडपत्री धरून चिता पेटवावी लागते, हे वाचकांना सांगायला नको. मेल्यावरही न सुटणारी जात कोर्टाच्या कागदावर पकडणे सोपे नसते.

तिसरा निकाल आम्हाला सर्वांत मोठा वाटतो. शाळांतल्या माध्यान्ह भोजन केंद्रांवरच्या नेमणुकांना सामाजिक आरक्षण लागू करावे, हा तो निकाल. वरवर पाहता ही चतुर्थश्रेणीच्या तुटपुंज्या पगाराची गोष्ट. पण विचार करा. दलित बाईने रांधलेले अन्न सवर्ण घरातले मूल रोज शाळेत बसून खाणार. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, तो लढा तहानेचा नव्हता, स्पर्शाचा होता. हा निकाल तोच लढा शाळेच्या स्वयंपाकघरात घेऊन गेला. आरक्षण म्हणजे फक्त नोकरी असे समजणाऱ्यांनी, आपल्यातल्यांनीही, हा निकाल समजून घ्यावा.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी निरोप समारंभ घेतला नाही. आपल्या मालमत्तेचे विवरण मुख्य न्यायमूर्तींकडे दिले, सरकारी गाडी परत केली आणि लोकल ट्रेनने घरी गेले. त्यानंतर काम मात्र थांबले नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये तिरुनेलवेली जिल्ह्यातल्या नांगुनेरीत एका दलित विद्यार्थ्यावर त्याच्याच शाळेतल्या मुलांनी घरात घुसून कोयत्याने वार केले, वाचवायला आलेल्या लहान बहिणीलाही सोडले नाही. शाळांतली जात कशी घालवावी हे सांगण्यासाठी सरकारने चंद्रूंची एकसदस्य समिती नेमली. जून २०२४ मध्ये अहवाल आला. शाळांच्या नावांतून जातिवाचक शब्द काढा, मुलांच्या मनगटावरचे जातीच्या रंगाचे धागे बंद करा, वर्गात मुलांना नावाच्या अक्षरक्रमाने बसवा, असे त्यात आहे. अहवालाला लगेच राजकीय विरोध झाला. व्हायचाच होता.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल, मग असा एक न्यायमूर्ती प्रत्येक राज्याला मिळाला की झाले. इथेच आम्हाला थांबवायचे आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल सावध केले होते, ती अधोगतीची वाट आहे म्हणून. न्यायाच्या क्षेत्रातही भक्ती तितकीच घातक. देवमाणसाची वाट पाहणारा समाज स्वतः काही करत नाही.

आकडे बघा. केंद्र सरकारने मार्च २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१८ पासून देशातल्या उच्च न्यायालयांत ७१५ न्यायाधीश नेमले गेले. त्यांत अनुसूचित जातींचे २२, अनुसूचित जमातींचे १६, ओबीसी ८९ आणि अल्पसंख्याक ३७. ७१५ मध्ये २२! 'गुणवत्ता' या एका शब्दाखाली हा आकडा झाकला जातो. चंद्रू चांगले निघाले हा देशाचा योगायोग. चांगले न्यायाधीश घडावेत ही व्यवस्था झाली पाहिजे आणि त्यात ज्यांनी अन्याय भोगला त्यांची मुले बसली पाहिजेत. पण नुसता जातीचा दाखला पुरत नाही, हेही चंद्रूंच्या आयुष्यातून दिसते. खुर्चीवर बसणाऱ्याने काय वाचले आहे आणि तो कोणासोबत उभा राहिला आहे, त्यावर निकाल ठरतो. प्रतिनिधित्व आणि प्रबोधन, दोन्ही लागते.

आणखी एक कडू गोष्ट. चित्रपट गाजला तेव्हा पत्रकार पार्वतींना शोधत गेले. त्या तेव्हाही गरिबीतच राहत होत्या. अभिनेता सूर्याने त्यांच्या नावे १० लाख रुपये ठेवले, चांगले केले. पण खटला जिंकलेल्या बाईला छप्पर मिळायला सिनेमा यावा लागला. राजकीय समता कागदावर आणि सामाजिक-आर्थिक विषमता आयुष्यात, हा विरोधाभास बाबासाहेबांनी त्याच भाषणात सांगितला होता. कोर्ट त्याचा एक तुकडा सोडवते, बाकीचा चळवळीने सोडवायचा असतो.

त्या चित्रपटाच्या शेवटी एक मराठी कविता तमिळमध्ये येते. 'जय भीम' हे अभिवादन कामठीच्या बाबू हरदासांनी रुजवले आणि ते तमिळ पडद्यावरून पुन्हा आपल्याकडे आले. ते आपण नुसते टाळ्या वाजवून परत पाठवायचे का?

आम्ही आमच्यापुरते ठरवले आहे. विहाराच्या फलकावर आता दोन वकिलांचे आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे नंबर आहेत. खाली कलम २२ मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिले आहे. रविवारच्या वंदनेनंतर एक कलम वाचले जाते. ज्याच्या काकाला नेले होते, त्या मुलानेच तो फलक रंगवला. दहावीनंतर काय करणार, असे विचारले तर तो अजून नीट सांगत नाही. पण परवा त्याने विचारले, "वकील व्हायला किती वर्षे लागतात?"

बारावीनंतर पाच, आम्ही सांगितले. या वेळी कोणी हसले नाही.

जय भीम!