दिसणं आणि असणं : वेबपान लिहिण्याच्या साधनांची गोष्ट

आजचा विषय आहे वेबपान लिहिण्याचं साधन, म्हणजे एचटीएमएल एडिटर. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला यात काय रस, असं तुमच्या मनात येईल. पण या साधनांच्या इतिहासात आमचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. वस्तू दिसते एक आणि असते एक, तेव्हा खरी कोणती धरायची?

आधी 'मार्कअप' हा शब्द घेऊ. तो छापखान्यातला. हस्तलिखितावर संपादक खुणा करायचा, हे शीर्षक, हे ठळक, इथे नवा परिच्छेद. आणि त्या बघून खिळे जुळवणारा मजकूर लावायचा. १९६९ साली आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी यांनी ही पद्धत संगणकात आणली. त्या भाषेचं नाव जीएमएल. तिचा मूळ विचार असा की, मजकूर कसा दिसावा हे खुणेनं सांगू नये, तो काय आहे हे सांगावं. 'मोठ्या अक्षरात छापा' असं नाही, तर 'हे शीर्षक आहे' असं. रूप नंतर ठरवता येतं. त्यातूनच एसजीएमएल निघाली, १९८६ साली ती आंतरराष्ट्रीय मानक झाली, आणि आपल्या एचटीएमएलचं मूळ तिच्यात आहे.

१९९० च्या अखेरीस टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत, नेक्स्ट नावाच्या संगणकावर, पहिला ब्राउझर तयार केला. आता गंमत बघा. तो ब्राउझर होता तसाच एडिटरही होता! वाचता वाचता तिथेच लिहायचं, शब्द निवडून दुवा जोडायचा. कोनी कंसातल्या त्या खुणा माणसांनी हातानं लिहाव्यात, असं त्यांच्या मनातच नव्हतं. पण नेक्स्ट संगणक होते फार थोड्यांकडे. म्हणून निकोला पेलो यांनी बहुतेक संगणकांवर चालेल असा साधा ब्राउझर केला. त्यात फक्त वाचता यायचं. मग १९९३ साली इलिनॉय विद्यापीठातून मोझॅक आला. मजकुराबरोबर चित्रं दाखवणारा हा ब्राउझर झपाट्यानं पसरला. त्यातही पान लिहिण्याची सोय नव्हती. वाचणं आणि लिहिणं यांची फारकत झाली ती अशी. ज्यांना लिहायचं होतं त्यांनी नोटपॅडसारखी साधी साधनं घेतली आणि खुणा पाठ केल्या.

ही फारकत मिटवायला दृश्य एडिटर आले. व्हर्मीअर टेक्नॉलॉजीज या कंपनीनं १९९५ साली फ्रंटपेज काढलं. जानेवारी १९९६ मध्ये ती कंपनी मायक्रोसॉफ्टनं विकत घेतली. त्याच वर्षी नेटस्केपनं नॅव्हिगेटर गोल्डमध्ये ब्राउझर आणि एडिटर पुन्हा एकत्र आणले. पडद्यावर दिसेल तसंच पान होणार, हे त्यांचं आश्वासन. मोठी लोकशाही गोष्ट होती ती. खुणा न शिकलेला माणूसही लिहू लागला. मी तिला कमी लेखणार नाही.

पण किंमत पडली. लेखक एखादी ओळ निवडून मोठी आणि ठळक करी. एडिटर आत लिही : 'मोठी अक्षरं, ठळक अक्षरं.' शीर्षक असल्याची खूण कुठेच नाही. डोळसाला फरक कळत नाही. पण जो अंध वाचक पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीनं ऐकतो, तो शीर्षकाकडून शीर्षकाकडे उड्या मारत पान चाळतो. त्याला ते पान म्हणजे दारं-खिडक्या नसलेली एक लांबच लांब भिंत होते.

आणि मराठीत आपण याच्याही पुढे गेलो बरं का! युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, तरी पुढे बरीच वर्षं अनेक मराठी पानं वेगळ्याच युक्तीनं चालत. फाइलमध्ये इंग्रजीसाठी ठरलेले संकेत आणि वर देवनागरी आकारांचा फॉन्ट. फॉन्ट असेल तर सुंदर मराठी. नसेल तर अगम्य चिन्हांची रांग. शोधयंत्राला त्यात मराठी शब्द सापडायचा कसा? तिथे मराठी नव्हतीच, मराठीचं सोंग होतं.

१९९६ च्या डिसेंबरात सीएसएसचं मानक आलं आणि रूपाला स्वतंत्र जागा मिळाली. १९९७ मध्ये मॅक्रोमीडियाचं ड्रीमवीव्हर आलं. त्यात पानाचं रूपही बघता येई आणि आतल्या खुणाही. मला हा मार्ग शहाणपणाचा वाटतो. आमच्या शास्त्रातही रूप खोटं म्हणून टाकून देणारे आणि रूपालाच सर्वस्व मानणारे, दोघेही अडचणीत येतात.

म्हणून एवढंच सांगतो. पुढच्या वेळी एखादी ओळ ठळक करण्याचं बटण दाबाल, तेव्हा क्षणभर थांबा. ती ओळ मला नुसती मोठी दिसायला हवी आहे, की ती खरोखर शीर्षक आहे? शीर्षक असेल, तर तसं सांगणारं बटण शेजारीच असतं. ज्याला तुमचं पान दिसत नाही, त्याच्यापर्यंत ते पोचणं या निवडीवर अवलंबून आहे.