तळटीप १४ : 'फ्रेंच प्रवासी'

१४. मूळ मजकुरातील 'फ्रेंच प्रवासी' म्हणजे आब्राम आंकेतिल-द्युपेराँ (१७३१–१८०५). पारशांची अवेस्ता शिकायचीच या ओढीने हा पॅरिसचा तरुण १७५५ मध्ये हिंदुस्थानात आला आणि सुरतेत पारशी धर्मगुरू दस्तुर दाराब यांच्याजवळ शिकला. १७६० मध्ये त्याने साष्टी बेटावरील कान्हेरीची लेणी पाहिली. हे बेट तेव्हा मराठ्यांच्या ताब्यात होते. वेरूळही त्याने पाहिले. १७६२ मध्ये १८० हस्तलिखिते घेऊन तो पॅरिसला परतला. लेण्यांची वर्णने त्याच्या १७७१ च्या 'झेंद-अवेस्ता'च्या पहिल्या खंडातील प्रवासवृत्तात आहेत. प्राच्यविद्यापंडित विल्यम जोन्सने त्या ग्रंथावर केलेली झोंबरी टीका सर्वांना आठवते, ही वर्णने मात्र उपेक्षित राहतात. साष्टीच्या अभ्यासकाने ती आवर्जून वाचावीत. —संपा.