प्रोसेसर किती राबतो, किती रिकामा बसतो?

संगणक मंदावला की ‘प्रोसेसर जुना झाला’ असा निष्कर्ष काढून नव्या यंत्राची मागणी पुढे येते. समजा, भाईंदर पश्चिमेकडून उत्तनला जाणाऱ्या रस्त्यावरील डोंगरी गावात एका छोट्या कार्यालयात लिनक्सवर चालणारा सर्व्हर आहे आणि त्याच्या मालकापुढे हाच पेच आहे. खर्च करण्यापूर्वी त्याने प्रोसेसरच्या वेळेचा हिशेब पाहावा. तो हिशेब लिनक्स स्वतःच ठेवते.

लिनक्सचा गाभा असलेला ‘कर्नल’ ही नोंद ‘प्रोक’ या आभासी फोल्डरमधील ‘स्टॅट’ फाइलमध्ये करतो. तिच्या पहिल्या ओळीत सर्व प्रोसेसरांची बेरीज असते. वापरकर्त्याची कामे, कमी प्राधान्याची कामे, कर्नलची स्वतःची कामे, रिकामा वेळ आणि डिस्कच्या प्रतीक्षेत गेलेला वेळ असा आकड्यांचा क्रम असून त्यापुढे इतर काही नोंदी येतात. एकक साधारणतः सेकंदाचा शंभरावा भाग असते.

हे आकडे संगणक सुरू झाल्यापासूनचे असल्याने एकाच वाचनातून आत्ताची स्थिती कळत नाही. विजेच्या मीटरप्रमाणे दोन वाचनांतील फरक घ्यावा लागतो. सर्व्हरमध्ये चार गाभे असतील, तर दहा सेकंदांत एकूण ४,००० एकके जमा होतात. त्यांपैकी २,६०० रिकामी आणि १,००० डिस्कच्या प्रतीक्षेत गेली असतील, तर प्रत्यक्ष कामाची उरतात ४००. म्हणजे वापर अवघा १० टक्के! प्रतीक्षेचा काळही प्रोसेसरच्या दृष्टीने रिकामाच असतो. अशा वेळी नवा प्रोसेसर घेणे व्यर्थ. लक्ष डिस्ककडे द्यायला हवे.

ही वजाबाकी ‘टॉप’ आणि ‘व्हीएमस्टॅट’ या आज्ञा आपल्यासाठी करतात. ‘व्हीएमस्टॅट’ची पहिली ओळ मात्र संगणक सुरू झाल्यापासूनची सरासरी दाखवते; ती सोडून पुढील ओळी वाचाव्यात. त्यातील ‘आयडी’ हा स्तंभ रिकाम्या वेळेचा, तर ‘डब्ल्यूए’ हा प्रतीक्षेचा.

‘अपटाइम’ या आज्ञेने दिसणारी ‘लोड’ची एक, पाच व पंधरा मिनिटांची सरासरी अनेकांना चकवते. ती टक्केवारी नव्हे. तीत चालू असलेल्या व रांगेतील कामांबरोबरच डिस्कसाठी अडून राहिलेली कामेही लिनक्स मोजते. त्यामुळे लोड वाढलेला आणि प्रोसेसर रिकामा, असे चित्र सहज संभवते.

उलटपक्षी, प्रोसेसर ‘व्यस्त’ दिसला म्हणजे तो पूर्ण क्षमतेने काम करतोच असेही नाही. स्मृतीतून माहिती येईपर्यंतचा खोळंबा कर्नलच्या हिशेबात कामातच धरला जातो. पुण्यात टाटा समूहाने उभारलेला ‘एका’ हा लिनक्सवर चालणारा महासंगणक नोव्हेंबर २००७ मध्ये जागतिक यादीत चौथा आला. त्याची कागदावरील क्षमता सुमारे १७१ टेराफ्लॉप्स होती; चाचणीत मिळाली ११७.९, म्हणजे सुमारे ६९ टक्के. एवढ्या मोठ्या यंत्राचीही सारी ताकद हाती येत नाही.

तेव्हा डोंगरीतील आपल्या मालकाने गर्दीच्या वेळी दर पाच सेकंदांनी काही मिनिटे ‘व्हीएमस्टॅट’ चालवावे. रिकामा वेळ आणि प्रतीक्षा दोन्ही सातत्याने शून्याजवळ असतील, तरच प्रोसेसर बदलण्याचा विचार करावा.