समाक्ष केबल

समाक्ष केबल : रेडिओ कंप्रतेचे विद्युत् संकेत बाहेर गळू न देता, आणि बाहेरचा गोंगाट आत येऊ न देता, वाहून नेणारी केबल. मधोमध तांब्याची तार, तिच्याभोवती निरोधक पदार्थाचा थर, त्यावर धातूची जाळी किंवा पातळ पत्रा आणि सर्वांत बाहेर प्लॅस्टिकचे आवरण अशी तिची रचना असते. आतली तार व बाहेरची जाळी यांचा अक्ष एकच असतो. अँटेनापासून रेडिओ संचापर्यंत, छतावरील डिशपासून सेट-टॉप बॉक्सपर्यंत आणि प्रयोगशाळेतील मापनयंत्रांमध्ये ती वापरतात.

इतिहास : ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८० मध्ये इंग्लंडमध्ये या रचनेचे पेटंट घेतले. अमेरिकेतील लॉइड एस्पेनशीड व हर्मन ॲफेल यांनी रुंद कंप्रतापट्टा वाहणारी केबल विकसित केली. तिचे पेटंट १९३१ मध्ये मिळाले. १९५६ मध्ये स्कॉटलंड व न्यू फाउंडलंड यांच्यामध्ये सुरू झालेली अटलांटिकपार दूरध्वनी केबल समाक्षच होती. लांब पल्ल्याच्या दूरसंचारात पुढे प्रकाशीय तंतूंनी तिची जागा घेतली. अँटेनाजवळच्या जोडणीत मात्र तिचे स्थान टिकून आहे.

कार्य : मधल्या तारेतून जाणारा प्रवाह आणि जाळीच्या आतल्या पृष्ठावरून परतणारा प्रवाह समान व विरुद्ध दिशेचे असतात. त्यामुळे विद्युत् व चुंबकीय क्षेत्रे दोहोंमधल्या निरोधकातच बंदिस्त राहतात. म्हणून ही केबल लोखंडी खांबाला बांधली, तरी संकेतात फरक पडत नाही. उच्च कंप्रतेचा प्रवाह धातूच्या पृष्ठालगतच्या थरातून वाहतो. तांब्यात या थराची खोली १ मेगाहर्ट्झला सुमारे ०·०६६ मिमी., तर १०० मेगाहर्ट्झला सुमारे ०·००६६ मिमी. असते. याच कारणाने पोलादी तारेवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल दूरचित्रवाणीच्या कंप्रतांना चालते. परंतु डिशवरील एलएनबीला (संकेताचे वर्धन करून त्याची कंप्रता खाली आणणाऱ्या उपकरणाला) याच केबलमधून १३ किंवा १८ व्होल्ट एकदिश विद्युत् पुरवठा जातो. तो तारेच्या संपूर्ण छेदातून वाहत असल्याने पोलादी तारेचा रोध आडवा येतो. लांब अंतरासाठी म्हणून अस्सल तांब्याची तार घ्यावी.

संरोध : केबलचा लक्षणिक संरोध ओहममध्ये सांगतात. तो जाळीचा आतील व्यास आणि मधल्या तारेचा व्यास यांच्या गुणोत्तरावर व निरोधकाच्या प्रकारावर अवलंबून असतो, लांबीवर नाही. साध्या ओहममापकाने तो मोजता येत नाही. निरोधक हवा असेल आणि बाह्य व्यास ठरलेला असेल, तर ३० ओहमच्या आसपास केबल सर्वाधिक शक्ती पेलते आणि ७७ ओहमच्या आसपास संकेतशक्तीचा ऱ्हास सर्वांत कमी होतो. या दोहोंमधील तडजोड म्हणून प्रक्षेपक, बिनतारी संच व मापनयंत्रे यांसाठी ५० ओहम, तर दूरचित्रवाणी ग्रहणासाठी ७५ ओहम हे मान रूढ झाले. ५० ओहमच्या केबलला ७५ ओहमचा भार जोडल्यास सुमारे ४ टक्के शक्ती परावर्तित होते. ग्रहणात हे बहुधा खपून जाते. प्रक्षेपणात व अचूक मापनात संरोध जुळलाच पाहिजे.

ऱ्हास : केबलमधील ऱ्हास डेसिबलमध्ये मोजतात. ३ डेसिबल म्हणजे शक्ती निम्मी, १० डेसिबल म्हणजे दशांश. धातूतील ऱ्हास कंप्रतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, तर निरोधकातील ऱ्हास थेट कंप्रतेच्या प्रमाणात वाढतो. म्हणून लघुतरंगांवर उत्तम चाललेली केबल गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात कुचकामी ठरू शकते. जाड केबलमध्ये ऱ्हास कमी असतो. भरीव पॉलिएथिलिनऐवजी फेसाळ पॉलिएथिलीन वापरल्यास तो आणखी घटतो. शिवाय संकेताचा वेग प्रकाशवेगाच्या सुमारे ६६ टक्क्यांवरून ८० टक्क्यांच्या पुढे जातो. केबल ठरावीक तरंगलांबीच्या मापात कापायची असेल, तेव्हा हा वेग हिशेबात धरावा लागतो.

उदाहरणार्थ, भारतातील हौशी रेडिओचालकांच्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ पट्ट्यात २५ वॉटचा संच आहे आणि अँटेनापर्यंत ३० मीटर केबल आहे. सुमारे ५ मिमी. जाडीच्या आरजी-५८ प्रकारच्या केबलमधून अँटेनाला जेमतेम ६ वॉट मिळतात. सुमारे १० मिमी. जाडीच्या आरजी-२१३ मधून १३ वॉटच्या आसपास, तर तेवढ्याच जाडीच्या फेसाळ निरोधकाच्या एलएमआर-४०० मधून सुमारे १८ वॉट पोहोचतात. ऱ्हास जास्त असला, तर अँटेनाकडून परावर्तित होऊन परत येणारी शक्तीही वाटेत जिरते आणि हे परावर्तन दाखवणारा संचाजवळचा एसडब्ल्यूआर मापक फसवा दिलासा देतो. मापन अँटेनाजवळ घ्यावे, ते यासाठी.

ग्रहणात पहिल्या वर्धकाआधीचा प्रत्येक डेसिबल संकेत-गोंगाट गुणोत्तर थेट बिघडवतो. नंतर कितीही वर्धन केले, तरी तो भरून निघत नाही. म्हणून डिशचा एलएनबी नाभीपाशीच बसवतात. तेथेच संकेताचे वर्धन होते आणि तो ९५० ते २१५० मेगाहर्ट्झपर्यंत खाली आणून केबलमध्ये सोडला जातो. पुणे जिल्ह्यातील खोडदच्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्यांवरही पहिले वर्धक नाभीपाशीच आहेत.

निवड : आधी कंप्रता, मग लांबी पाहावी. उत्पादकाच्या तक्त्यातून त्या कंप्रतेचा दर १०० मीटरला ऱ्हास काढून आपल्या लांबीचा हिशेब करावा. त्यानंतर संरोध, पेलायची शक्ती आणि लवचिकता पाहावी. घरातील डिशला आरजी-६ पुरते. इमारतीच्या लांब मुख्य वाहिनीला आरजी-११ घ्यावी. हाताएवढ्या लांबीच्या जोडणीला आरजी-५८ उत्तम. जाळी विरळ असेल, तर बाहेरचा गोंगाट आत शिरतो. पत्रा आणि दाट जाळी असे दुहेरी कवच अधिक भरवशाचे. केबलचा प्रकार सांगणारा ‘आरजी’ क्रमांक आज बाजारात सैलपणे छापला जातो, त्यामुळे केवळ त्यावर विसंबू नये.

जोडणी व देखभाल : कनेक्टर केबलच्या जाडीला व संरोधाला साजेसा असावा. दूरचित्रवाणीला एफ, मापनयंत्रांना बीएनसी, उघड्यावरील अँटेनाला एन-प्रकार योग्य. पीएल-२५९ लघुतरंगांवर चालतो, परंतु उच्च कंप्रतांना तो टाळावा. वळणाची त्रिज्या केबलच्या व्यासाच्या दहापटीपेक्षा कमी ठेवू नये. नाहीतर मधली तार सरकून संरोध बदलतो. छतावर ऊन सोसणारे काळे पॉलिएथिलीन आवरण घ्यावे. कोकण-गोव्याच्या पावसात खरा शत्रू पाणी असते. ते कनेक्टरमधून शिरून जाळीत पसरते, तांबे काळवंडते आणि ऱ्हास वाढत जातो. सांध्यावर स्वतःशीच चिकटणारी रबरी पट्टी घट्ट गुंडाळावी आणि घरात शिरण्यापूर्वी केबलला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच गळून जाईल. पाणी मुरलेली केबल वाळवून पूर्ववत होत नाही. ती बदलावीच लागते.