आधी बाक, मग खुर्ची

मुंबईतलं माहुल आणि आंबापाडा. एका बाजूला रिफायनऱ्या, दुसऱ्या बाजूला रसायनांच्या टाक्या आणि मधोमध माणसं. या माणसांच्या श्वसनविकारांची पाहणी २०१३ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयाने केली. ती राष्ट्रीय हरित लवादापुढे गेली आणि डिसेंबर २०१५ मध्ये लवादाने इथल्या रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचं मान्य केलं. या कामाची परंपरा केईएममध्ये जुनी होती. श्वसनरोगतज्ज्ञ डॉ. एस. आर. कामत आणि त्यांचे सहकारी १९७०च्या दशकातच चेंबूर, लालबाग, खार इथली हवा आणि तिथल्या लोकांची फुप्फुसं यांचा अभ्यास करत होते. विभागात शिकवायला कोण आहे, यावर कोणाच्या खोकल्याचा अभ्यास होणार हे बरंचसं ठरतं. म्हणून प्राध्यापकाच्या खुर्चीवर कोण बसू शकलं, याचा मागोवा घ्यायला हवा. केईएमचा तर जन्मच या खुर्चीच्या वादातून झाला.

मुंबईत ही खुर्ची प्रथम मांडली गेली १८४५ मध्ये, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. प्राचार्य होते डॉ. चार्ल्स मोरहेड. १८५१ मध्ये आठ जणांची पहिली तुकडी बाहेर पडली. तिच्यात भाऊ दाजी लाड होते, पुढे प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेणारे आत्माराम पांडुरंग होते, वनस्पतिशास्त्रात नाव कमावणारे गोव्याचे लिस्बोआ होते आणि पारशीही होते. विद्यार्थ्यांच्या बाकावर मुंबई अशी पहिल्याच फेरीत एकत्र बसली. शिकवण्याच्या मोठ्या जागा मात्र सरकारी वैद्यकीय सेवेतल्या, म्हणजे आयएमएसच्या अधिकाऱ्यांकडे जात. १८५५ पासून या सेवेची परीक्षा हिंदी उमेदवारांना खुली झाली, पण ती द्यायची लंडनला जाऊन! बोटीचं भाडं आणि तिथला खर्च ज्याला झेपेल, त्याच्यासाठीच दार उघडं. १८९०च्या दशकात डॉ. के. एन. बहादुरजी काँग्रेसच्या व्यासपीठावरून या मक्तेदारीवर टीका करत होते.

तोड निघाली ती देणगीतून. सेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी पालिकेला वैद्यकीय महाविद्यालयासाठी पैसे देताना अट घातली, की शिकवणारे सगळे हिंदी असावेत आणि ते सरकारी सेवेतले नसावेत. १९२६ मध्ये परळला केईएम आणि जीएस मेडिकल कॉलेज सुरू झालं. पहिले अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता हे स्वतः ग्रँटचेच विद्यार्थी. पुढे ते गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. शहरातली हुशार हिंदी डॉक्टर मंडळी तोपर्यंत खासगी दवाखान्यांत होती, तिला शिकवण्याची जागा मिळाली.

बायकांची वाटही साधारण याच वळणाने गेली. जॉर्ज किट्रेज आणि सोराबजी बंगाली यांनी १८८२ मध्ये स्त्री डॉक्टरांसाठी निधी उभारला, १८८३ मध्ये ग्रँट कॉलेजची दारं मुलींना उघडली आणि १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झालं. रुग्णालय स्त्री डॉक्टरांनीच चालवायचं, हे पायाभरणीच्या वेळीच पक्कं होतं. म्हणून तिथे पहिल्यापासून प्रमुखपदी बाई होती, इंग्लंडहून आलेल्या डॉ. एडिथ पेची. इथल्या बाईला ते पद मिळायला १९२८ उजाडलं. डॉ. जेरुशा झिराड या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएली समाजातल्या. त्यांनी ग्रँटमधून पदवी घेतली, लंडनला जाऊन एमडी केलं आणि १९४७ पर्यंत कामा सांभाळलं. कॉलेजचं दार आणि प्रमुखाची खुर्ची यांत पंचेचाळीस वर्षांचं अंतर पडलं.

तिसरी फेरी जातीची, आणि ती अजून संपलेली नाही. दलित, आदिवासी, भटक्या आणि ओबीसी घरांतली मुलं आरक्षणामुळे एमबीबीएसला येतात. शिक्षकांच्या जागांसाठी महाराष्ट्रात २००१चा आरक्षण कायदा आणि बिंदुनामावली, म्हणजे राखीव पदांचा ठरवलेला क्रम आहे. पण याच कायद्यातून वैद्यकीय क्षेत्रातली अतिविशेष पदं आणि एकाकी पदं वगळलेली आहेत. संवर्गात पद एकच असेल तर आरक्षण लागू नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९८ मध्ये दिला. २०१३ मध्ये एम्सच्या खटल्यात अतिविशेष शाखांतल्या अध्यापकपदांबाबतही घटनापीठाचा कौल आरक्षणाच्या विरोधात गेला. आता विभागाची रचना पाहा. सहायक प्राध्यापक अधिक, सहयोगी त्याहून कमी, प्राध्यापक काही ठिकाणी एखादाच. न्यूरोसर्जरी, हृदयशल्यचिकित्सा या शाखा तर अतिविशेषच. म्हणजे पद जितकं वरचं, तितका नियमाचा हात तोकडा.

याची झळ शिकणाऱ्याला लागते. २०१९ मध्ये नायर रुग्णालयात आदिवासी तडवी समाजातल्या एका निवासी डॉक्टरने आत्महत्या केली. वरिष्ठ सहकाऱ्यांकडून जातीवरून छळ झाल्याचा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. अशी तक्रार घेऊन निवासी डॉक्टरने जायचं ते बहुतेकदा विभागप्रमुखांकडे. त्या दारामागे आपलं म्हणणं समजणारं कोणी असेल, याचा भरवसा त्या डॉक्टरला वाटायला हवा.

गुणवत्तेचा मुद्दा यावर हमखास निघतो. आयएमएसचे समर्थकही हिंदी डॉक्टरांच्या कुवतीविषयी शंका घेत. केईएमच्या शंभर वर्षांनी त्यांना उत्तर दिलेलं आहे.

या खुर्च्या आपोआप कधीच रुंद झाल्या नाहीत. दर वेळी कोणीतरी अट लेखी घालून घेतली. मुंबई महापालिकेकडे आज केईएम, शीव, नायर आणि कूपर अशी चार मोठी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. पालिकेने दर वर्षी प्रत्येक विभागात, प्रत्येक पदावर कोणत्या प्रवर्गातले किती आणि स्त्रिया किती हे जाहीर करावं. कायद्याने वगळलेली पदंही त्यात वेगळी दाखवावीत. ही माहिती मागण्याचा हक्क माहुलच्या करदात्यालाही आहे. त्याने ती मागावी.