दिवसा राम, रात्री कृष्ण: आपल्या मातीतला कार्ड गेम

हेडफोन नीट लावा, आज पत्ते पिसायचे आहेत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून इथे टाकतोय.

सुरुवात माझ्या फजितीपासून. मी गोंदियाचा. गेल्या उन्हाळ्यात मी स्वतःचा फँटसी ट्रेडिंग कार्ड गेम बनवायला घेतला. पोकेमॉनवाल्यांना वेगळं सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो: यात प्रत्येक पत्त्याला चित्र असतं, ताकद असते आणि स्वतःचा असा एक नियम असतो. माझ्या गठ्ठ्यात ८४ पत्ते. ड्रॅगन, बर्फाचा किल्ला, जादूगार, सगळं होतं. नियमच चार पानं झाले. पहिल्या डावात धाकटा चुलतभाऊ म्हणाला, "दादा, हे खेळाचं हाय का पाठ कराचं हाय?" दहा मिनिटांत सगळे उठून गेले.

लागलं ना मनाला! मग मी शोधायला लागलो की आपल्याकडे असे पत्ते आधी कुणी बनवले होते का. आणि उत्तर सापडलं महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला, सिंधुदुर्गातल्या सावंतवाडीत. त्याचं नाव गंजिफा.

गंजिफा हा पत्त्यांचा खेळ इराणकडून आपल्याकडे आला. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मुघलांच्या नेहमीच्या संचात ९६ पत्ते असायचे, म्हणजे आठ रंग आणि प्रत्येक रंगाचे १२ पत्ते. रंग म्हणजे आपले किलवर-इस्पिक असतात तसे. तिथे मात्र ते मुकुट, तलवार, गुलाम असे होते.

आता खरी गंमत. हा खेळ इथे आला आणि लोकांनी तो चक्क 'कस्टमाइझ' केला! मुकुट-तलवारी काढल्या आणि विष्णूचे दहा अवतार बसवले. दहा रंग, प्रत्येकी १२ पत्ते, एकूण १२०. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा आकडे. मत्स्याच्या पत्त्यांवर मासे मोजायचे, परशुरामाच्या पत्त्यांवर परशू. अक्षर न येणाऱ्यालाही पत्ता वाचता येतो. ही झाली दशावतारी गंजिफा.

पण मी थांबलो ते नियमांपाशी.

पहिला नियम: डावाची पहिली उतारी कुणाची? दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची, रात्री खेळत असाल तर ज्याच्याकडे कृष्णाचा राजा त्याची. का? राम सूर्यवंशी आणि कृष्णाचा जन्म मध्यरात्रीचा. हे घरात सगळ्यांना आधीच माहीत असतं, म्हणून नियम एकदा ऐकला की डोक्यात बसतो. 'मॅजिक: द गॅदरिंग' हा रिचर्ड गारफिल्डचा खेळ आला १९९३ मध्ये, आणि आजचे ट्रेडिंग कार्ड गेम त्यातूनच वाढले. त्यात दिवस-रात्रीचा नियम २०२१ च्या एका संचात आला. गंजिफावाले त्याआधी कितीतरी पिढ्या खिडकीबाहेरचा खरा सूर्य बघून डाव सुरू करत होते!

दुसरा नियम: राजा आणि प्रधानाच्या खाली, अर्ध्या रंगांत दहा सगळ्यात मोठा आणि एक्का सगळ्यात लहान. उरलेल्या अर्ध्या रंगांत नेमकं उलटं, एक्का मोठा आणि दहा सगळ्यात लहान. म्हणजे हातात नुसते दहा-नऊ आले म्हणून नाचायचं नाही. आणि हुकूम नसतोच. कुठला पत्ता गेला, कुठला राहिला, हे लक्षात ठेवेल तो जिंकेल. दोन छोट्या नियमांत केवढा खेळ!

पत्ते बनवणारे सगळेच इतक्यावर थांबले असं नाही. 'आईन-ए-अकबरी'त अबुल फजलने १२ रंगांच्या, १४४ पत्त्यांच्या संचाचं वर्णन केलंय. त्यात एक रंग आहे 'वनपती': राजा वाघ आणि वजीर बिबट्या. नागझिऱ्याच्या शेजारी वाढलेल्या मला हे वाचून काय वाटलं असेल, विचार करा! आणि एकोणिसाव्या शतकात म्हैसूरचे मुम्मडी कृष्णराज वडियार यांनी स्वतः पत्त्यांचे नवे खेळ तयार केले, काही संच तर ३६० पत्त्यांपर्यंत गेले. सुंदर होते, पण राजवाड्याबाहेर रुजले नाहीत. माझी चार पानं आठवली.

मग गंजिफा गेली कुठे? एकेक पत्ता हाताने बनायचा. कागदाचे थर चिकटवायचे, चिंचोक्याच्या खळीचा लेप द्यायचा, घासून गुळगुळीत करायचं, मग चित्र आणि लाख. त्याच्यासमोर छापील ५२ पत्ते आले, स्वस्त आणि चटकन मिळणारे. सावंतवाडीत ही कला जवळजवळ संपली होती. तिथल्या राजघराण्याचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती पुन्हा उभी केली, राजवाड्यातच कलाकार बसवून. २०२४ मध्ये तिला जीआय मानांकनही मिळालं. आनंद आहेच. पण आज गंजिफा विकत घेणारा ती बहुतेकदा फ्रेम करून भिंतीवर लावतो. चित्र वाचलं, डाव मात्र मागे पडला. आणि डाव मांडला नाही तर पत्ता म्हणजे नुसतं चित्र.

म्हणून मी ड्रॅगन काढून टाकले. आता माझ्याकडे ४८ पत्ते आहेत: जंगल, तलाव, धान आणि पाखरं. नियम अर्ध्या पानाचे. सारस जोडीनं राहतो हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे, म्हणून सारसाचा एकटा पत्ता दुबळा आणि दोन एकत्र आले की वाघालाही भारी.

परवा त्याच चुलतभावाला बसवलं. तीन डाव झाले. मग तो माझ्याशी भांडायला लागला, "पण दादा, तलावाचा पत्ता खाली नसंल तर सारस उतरंल कसा?" बरोबर होतं त्याचं. नियम बदलला. हा बदल त्याचा, माझा नाही, आणि मला सगळ्यात जास्त आनंद त्याचाच झाला.

तुमच्यासाठी एक काम. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा, लहानपणी कुठला पत्त्यांचा डाव खेळायचे, नियम काय होते. नुसतं ऐकून सोडू नका. बसा, एक डाव खेळा आणि मग मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!